सापेक्षातील शिल्लक : कणांची ऊर्जा आणि संवेग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकावयास रुक्ष वाटेल. कणांची ऊर्जा, कणांचा संवेग आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा विशेष सापेक्षता सिद्धांत हे शब्द महाविद्यालयाच्या फळ्यावरचे. परंतु त्यांची सुरुवात बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवरूनच करता येते. या जिल्ह्यात लोणार आहे, आणि लोणार म्हणजे ऊर्जा व संवेग यांनी बेसाल्टच्या कठीण खडकावर उमटविलेली मुद्रा होय.

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. लोककथेने तेथे लवणासुराचे वास्तव्य मानले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जात होते. १९७३ साली अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या संशोधकांनी तेथील खडकात मस्केलिनाइट हा काचसदृश पदार्थ दाखवून दिला. तो केवळ प्रचंड आघाताच्या दाबानेच निर्माण होतो. आकाशातून आलेल्या पाषाणाने हे विवर घडविले, हे त्यामुळे निश्चित झाले. विवराच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. २०२० साली या सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला.

असे पाषाण पृथ्वीवर आदळतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास असू शकतो. शालेय पुस्तकातील सूत्राने गणित केले तर या वेगाने येणाऱ्या एका किलो दगडाची गतिज ऊर्जा २० कोटी जूल भरते. एक किलो टीएनटी स्फोटकात असलेल्या ऊर्जेच्या ही सुमारे ४८ पट आहे. दगडात दारू नव्हती. त्याची गती हीच त्याची दारू होती.

येथे न्यूटनचे गणित पुरेसे आहे. आइन्स्टाइनच्या सूत्राने तीच ऊर्जा काढली तर उत्तरात एक अब्जात सुमारे तीन भागांचाच फरक पडतो. कारण सेकंदाला २० किलोमीटर हा वेग मानवाला अफाट वाटला, तरी प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. मग सापेक्षता सिद्धांताची गरज कोठे पडते?

दर क्षणी येणारा पाहुणा

लोणारचा पाहुणा एकदाच आला. दुसरे काही पाहुणे मात्र अहोरात्र येत असतात. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्या आघातांतून म्यूऑन नावाचे कण जन्म घेतात. उघडा तळहात आकाशाकडे धरला, तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. या सभागृहाचे छतही त्यांना अडवीत नाही.

म्यूऑन हा अल्पायुषी कण आहे. स्थिर असताना त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहून थोडे अधिक. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जाईल. म्यूऑन तर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो. जुन्या हिशेबाने अब्जावधींतून एखादाच जमिनीपर्यंत पोहोचावयास हवा. प्रत्यक्षात ते तळहातावर दर सेकंदाला हजर असतात!

या कोड्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. १९३८ साली केंब्रिज येथे कार्यरत असलेल्या होमी भाभा यांनी असे सुचविले की, विश्वकिरणांतील अशा कणाचे आयुष्य त्याच्या वेगानुसार लांबलेले दिसले पाहिजे आणि हीच सापेक्षता सिद्धांताची कसोटी ठरेल. पुढे १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन करणारे हेच भाभा. १९४१ साली ब्रूनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वेगवेगळ्या उंचीवर मोजणी केली. अधिक संवेग असलेले कण अधिक काळ टिकतात, असे त्यांना आढळले. १९७७ साली युरोपातील सर्न प्रयोगशाळेत म्यूऑन वर्तुळाकार मार्गात फिरविले गेले. तेथे त्यांचे आयुष्य २९ पटींहून अधिक वाढून सुमारे ६४ मायक्रोसेकंद झाले. गणिताने सांगितलेला आकडाही तोच होता.

संवेग म्हणजे काय?

‘संवेग’ हा शब्द या सभागृहाला नवा नाही. प्रवचनांतून तो संसाराविषयीची भीती व मोक्षाची ओढ या अर्थाने कानावर पडतो. पदार्थविज्ञानातील संवेग त्याहून सर्वस्वी वेगळा. गतिमान वस्तू थांबविण्यास किती जोर किती वेळ लावावा लागेल, त्याचे ते माप आहे. खामगावच्या बाजाराकडे निघालेली कापसाची भरलेली गाडी आणि एक सायकल एकाच वेगाने येत असतील, तर सायकल हाताने थांबविता येते, गाडी नाही. वेग समान, परंतु वस्तुमान भिन्न, म्हणून संवेग भिन्न. न्यूटनच्या पद्धतीत वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग.

संवेग आणि ऊर्जा या दोन्ही राशी पाहणाऱ्यावर अवलंबून असतात, हे आइन्स्टाइनपूर्वीही ठाऊक होते. मलकापूरहून शेगावकडे ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या आगगाडीत फळीवर १० किलोची पेटी ठेवलेली आहे, असे समजावे. डब्यातील प्रवाशाच्या दृष्टीने ती स्थिर आहे; तिचा संवेग शून्य, गतिज ऊर्जाही शून्य. नांदुऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तिचा संवेग २०० एकक आणि गतिज ऊर्जा २,००० जूल. दोघांची उत्तरे वेगळी आहेत आणि दोघेही बरोबर आहेत.

अडचण येते ती वेग फार वाढल्यावर. कॅन्सरच्या उपचारात वापरले जाणारे ‘लिनॅक’ म्हणजे रेषीय त्वरक यंत्र अनेक कुटुंबांनी दुर्दैवाने जवळून पाहिले असेल. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने विकसित केलेले असे स्वदेशी यंत्र बसविण्यात आले होते. या प्रकारच्या यंत्रात इलेक्ट्रॉनला सुमारे ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देऊन धातूवर आदळवितात आणि त्यातून निघालेले एक्स-किरण रोगाच्या गाठीवर सोडतात. एका व्होल्टच्या विद्युतदाबातून जाताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

न्यूटनच्या सूत्राने या इलेक्ट्रॉनचा वेग काढला तर तो प्रकाशवेगाच्या जवळजवळ पाचपट येतो. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाच्या ९९.७ टक्के असतो. ऊर्जा दुप्पट करून १ कोटी २० लाख केली तरी वेगात पाव टक्क्याचीही भर पडत नाही. संवेग मात्र जवळजवळ दुप्पट होतो. १९६४ साली अमेरिकेतील विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनचा वेग आणि आघातातून निर्माण होणारी उष्णता मोजून हे दाखविले. दिलेली ऊर्जा वाया जात नव्हती. ती उष्णतेच्या रूपाने पुरेपूर मिळत होती. वेग तेवढा प्रकाशाच्या उंबरठ्याशी थबकला होता.

म्हणून सापेक्षता सिद्धांतात वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराला आणखी एका गुणकाने गुणावे लागते. प्रकाशवेगाच्या ६० टक्के वेगाला हा गुणक १.२५, ८० टक्क्यांना १.६७, ९९ टक्क्यांना ७.१ आणि ९९.९ टक्क्यांना २२.४ असतो. आगगाडीला किंवा लोणारच्या पाषाणाला तो इतका एकाजवळ असतो की फरक जाणवत नाही. म्हणजे न्यूटन खोटा ठरला नाही, त्याची सीमा तेवढी कळली. लिनॅक बनविणाऱ्या अभियंत्याला ही गोष्ट व्यवहारात उपयोगी पडते. इलेक्ट्रॉनचा वेग लवकरच जवळजवळ स्थिर होत असल्यामुळे नळीतील पुढचे कप्पे समान लांबीचे ठेवता येतात. न्यूटनच्या हिशेबाने बनविले असते तर ते यंत्र चाललेच नसते.

जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘वेगाबरोबर वस्तुमान वाढते’ असे वाक्य असे. आजची रीत वेगळी आहे. वस्तुमान हे कणाचे स्वतःचे मोजमाप मानतात आणि ते वेगाने बदलत नाही. वाढतात ते संवेग व ऊर्जा. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९४८ मधील एका पत्रात वाढत्या वस्तुमानाची कल्पना न वापरणेच बरे, असा सल्ला दिला होता.

चार वह्या, एक शिल्लक

आता या विषयाचे मर्म. ऊर्जा पाहणाऱ्यागणिक बदलते, संवेगही बदलतो. मग न बदलणारे काही उरते की नाही?

ते समजण्यासाठी एका कणाची कल्पना करावी. सोयीसाठी वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा एकाच मापात लिहू; त्या मापात कणाचे वस्तुमान १२ आहे. चार निरीक्षक वेगवेगळ्या वेगांनी जात असून प्रत्येकजण या कणाचा हिशेब आपापल्या वहीत मांडतो. पहिला कणाबरोबरच चालला आहे. त्याच्या वहीत संवेग शून्य व ऊर्जा १२. दुसऱ्याच्या वहीत संवेग ९ व ऊर्जा १५. तिसऱ्याच्या वहीत संवेग १६ व ऊर्जा २०. चौथ्याच्या वहीत संवेग ३५ व ऊर्जा ३७.

चारही वह्या शेजारी ठेवल्या तर आकड्यांचा मेळ बसत नाही. एखादा घाईचा मुनीम म्हणेल की तिघे तरी खोटे आहेत. आता प्रत्येकाने ऊर्जेच्या वर्गातून संवेगाचा वर्ग वजा करावा. पहिल्याचे १४४. दुसऱ्याचे २२५ वजा ८१, म्हणजे १४४. तिसऱ्याचे ४०० वजा २५६, म्हणजे १४४. चौथ्याचे १,३६९ वजा १,२२५, म्हणजे १४४. आणि १४४ हा १२ चा, म्हणजे वस्तुमानाचाच वर्ग आहे. वह्या चार, नोंदी चार, शिल्लक एकच!

शाळेतील काटकोन त्रिकोणाची आठवण येथे व्हावी. वस्तुमान ही एक भुजा, संवेग ही दुसरी आणि ऊर्जा हा कर्ण. निरीक्षक बदलला की दुसरी भुजा व कर्ण लांब-आखूड होतात, वस्तुमानाची भुजा तशीच राहते. कण स्थिर असेल तर कर्ण त्या भुजेवरच टेकतो. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग हे सुप्रसिद्ध सूत्र म्हणजे हीच विशेष स्थिती. आणि ज्याला वस्तुमानच नाही अशा प्रकाशकणाची पहिली भुजा शून्य, म्हणून त्याची ऊर्जा व संवेग समान.

म्यूऑनचे कोडेही येथेच सुटते. त्याची स्थिर ऊर्जा १०.५७ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जमिनीवरच्या माणसाला ती सुमारे ४२३ कोटी दिसत असेल, तर गुणक ४० झाला. म्हणजे त्याच्या दृष्टीने म्यूऑनचे आयुष्य ४० पट लांबून ८८ मायक्रोसेकंद झाले आणि तेवढ्यात तो २६ किलोमीटर जाऊ शकतो. म्यूऑनच्या दृष्टीने आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच, परंतु १५ किलोमीटरचे वातावरण आक्रसून ३७५ मीटर झालेले. एक म्हणतो काळ लांबला, दुसरा म्हणतो अंतर घटले. म्यूऑन तळहातापर्यंत पोहोचला, याविषयी मात्र दोघांचे दुमत नाही.

अक्षय आणि अविकारी

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. अक्षय राशी म्हणजे जी घटनेच्या आधी व नंतर तेवढीच राहते ती. अविकारी राशी म्हणजे जी सर्व निरीक्षकांना सारखीच दिसते ती. एकूण ऊर्जा व एकूण संवेग अक्षय आहेत, पण अविकारी नाहीत. एका कणाचे वस्तुमान अविकारी आहे. परंतु वेगवेगळ्या कणांच्या वस्तुमानांची बेरीज अक्षय असेलच असे नाही.

मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होणारी ‘पेट स्कॅन’ ही तपासणी याचे उत्तम उदाहरण. रुग्णाला दिलेल्या औषधातून पॉझिट्रॉन हा कण निघतो आणि शरीरातील एखाद्या इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडते. दोघेही नाहीसे होतात. त्यांची प्रत्येकी ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची स्थिर ऊर्जा प्रकाशकणांच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाशकण एकच का निघत नाही? कारण आधीचा संवेग जवळजवळ शून्य होता. एकटा प्रकाशकण निघाला तर संवेगाची वही जुळणार नाही. म्हणून सामान्यतः दोन निघतात, विरुद्ध दिशांना, समान ऊर्जेचे. यंत्र ते दोन्ही पकडते, त्यांना जोडणारी रेषा आखते आणि अशा असंख्य रेषांवरून रोगाचे स्थान ठरते. दोन कणांचे वस्तुमान लोपले, ऊर्जा व संवेग यांचा हिशेब मात्र कणभरही चुकला नाही.

याच समीकरणाची दुसरी बाजूही अहिंसेची चाड असणाऱ्या सभेपुढे सांगितली पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर झालेल्या स्फोटाची ऊर्जा सुमारे १५ हजार टन टीएनटीएवढी होती. तिच्या मोबदल्यात घटलेले वस्तुमान एक ग्रॅमही भरत नाही. समीकरण बाँब बनविण्याची कृती सांगत नाही, ते केवळ हिशेब सांगते. तोच हिशेब रुग्णाच्या शय्येपाशी आहे आणि तोच त्या भस्मसात नगरावर होता. निवड समीकरणाने केली नाही, माणसाने केली.

‘सर्वच सापेक्ष’ या वाक्याविषयी

सापेक्ष या शब्दाविषयी दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. अमुक एका अपेक्षेने वस्तू अशी आहे, दुसऱ्या अपेक्षेने तशी आहे, ही बोलण्याची रीत जैन परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे आइन्स्टाइन यांचा सिद्धांत आगमांत पूर्वीच होता, असे उत्साहाने म्हटले जाते. हा उत्साह आवरावा. सापेक्षता सिद्धांत १९०५ साली मांडला गेला. इलेक्ट्रॉन, म्यूऑन व प्रकाश यांच्या काटेकोर मोजमापाने तो सिद्ध झाला. शब्द जुळले म्हणजे शास्त्र जुळले असे होत नाही, आणि दर्शनाचा मोठेपणा विज्ञानाच्या प्रमाणपत्रावर अवलंबूनही नाही. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या निबंधांचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या तरुणांनी जुन्यात नवे शोधत बसण्याऐवजी नवे मुळातून समजून घेतले. अनुकरण करावे तर त्याचे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘सर्वच सापेक्ष आहे, तेव्हा खरे-खोटे असे काही नाही’ हे वाक्य चर्चेत सर्रास फेकले जाते आणि त्यासाठी आइन्स्टाइन यांना साक्षीला उभे केले जाते. ही साक्ष खोटी आहे. दृष्टी बदलली की नोंद बदलते, एवढेच हा सिद्धांत सांगून थांबत नाही. एका नोंदीवरून दुसरी कशी काढावी, याचा नेमका नियम तो देतो आणि सर्व नोंदींत समान असणारी शिल्लक दाखवितो. दुसऱ्याच्या वहीतील आकडा आपल्याहून वेगळा आहे म्हणून त्याला खोटा म्हणू नये. आणि आकडे वेगळे आहेत म्हणून हिशेबच नाही, असेही म्हणू नये. वर्ग करून वजाबाकी करण्याचे कष्ट घ्यावेत.

लोणारच्या काठावर उभे राहणाऱ्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने खाली पाहिले तर एका पाषाणाच्या ऊर्जेची खूण दिसेल. वर तळहात धरला तर दिसणार काहीच नाही, परंतु दर सेकंदाला एक कण आइन्स्टाइन व भाभा यांच्या गणिताची साक्ष देत आरपार जाईल. त्यासाठी दूरच्या प्रयोगशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. वही, लेखणी आणि काटकोन त्रिकोणाचे प्रमेय एवढे भांडवल प्रत्येक घरात आहे. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत या भांडवलावर काही मुलामुलींनी आपले खाते उघडावे, एवढीच या प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र!